शिरूरच्या अंगणातली ओली शाल

शिरूर कासारला जाते म्हटल्यावर पुण्यात प्रत्येकाने मला दुसऱ्याच शिरूरला पाठवले. घोडनदीचे नव्हे, बीड जिल्ह्यातले, असे मी चौघांना समजावले आणि पाचव्याला नुसती मान हलवली. फार बोलावे लागले की माझा घसा कोरडा पडतो.

जाण्याचे खरे कारण मी कोणालाच सांगितले नव्हते. घरी म्हटले, आत्याला चार दिवस भेटून येते. खरे असे होते की बंगळूरूच्या एका कंपनीने मला नोकरी देऊ केली होती आणि सोमवारी दुपारी बारापर्यंत हो की नाही ते कळवायचे होते. त्याच आठवड्यात आत्याचा फोन आला. तिचे यजमान, म्हणजे माझे काका, शिरूरच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचे पाळक आहेत. दिवाळी उलटली की तिथली निम्मी घरे ऊसतोडीला बाहेर पडतात आणि मुले देवळामागच्या दोन खोल्यांत राहतात. त्यांना शिकवणारी बाई लग्न होऊन गेली होती. "हंगामापुरती तू येतेस का?" आत्याने विचारले. बंगळूरूची बातमी मी नातेवाइकांपर्यंत जाऊ दिली नव्हती, त्यामुळे तिला त्यातले काही ठाऊक नव्हते. मी म्हटले, "आधी बघायला येते."

बाबांनी सल्ला दिला, कॉलेजच्या सरांनी दिला, दोन मैत्रिणींनी एकमेकींच्या विरुद्ध दिला. मी स्वतः लॅपटॉपवर एक तक्ता केला. प्रत्येक मुद्द्याला गुण, प्रत्येक गुणाला वजन. तक्त्यात शिरूर चार गुणांनी पुढे होते. तरीही माझे उत्तर जात नव्हते. शेवटी ठरवले, तिथेच जाऊन देवाला विचारायचे. तो पुण्यातही ऐकतो, हे मला माहीत आहे. पण पुण्यात बाकीचेही फार बोलतात.

गुरुवार

नगर, पाथर्डी आणि मग शिरूर. पाथर्डीच्या पुढे बालाघाटाचे डोंगर लागले. मी डोंगर म्हणजे हिरवे धरून चालले होते. हे डोंगर उघडे, तांबूस, आणि त्यांच्या अंगावर सीताफळाची झुडपे कोणी मुठीने फेकल्यासारखी विखुरलेली. मी खिडकीला नाक लावून बसले होते. इतके आकाश मी कधी एका वेळी पाहिले नव्हते.

शेजारी एक साठीच्या बाई बसल्या होत्या. त्यांनी न विचारता माझ्या हातात फोडलेले सीताफळ ठेवले.

"खा. घरच्या झाडाचं हाय. कुनाची तू?"

"पुण्याची."

"पुण्याला कोन ना कोन तर असंल की तुजं! काम काय करतीस?"

"अजून काही नाही."

"मग पाव्हणीच म्हनते. मला नावं ध्यानात ऱ्हात न्हाईत, कामं ऱ्हातात."

सीताफळ इतके गोड होते की डोळे मिटले. पण बिया कुठे टाकाव्यात ते कळेना. बाई खिडकीतून बाहेर फेकत होत्या. मला ते धाडस झाले नाही. शिरूर येईपर्यंत मी बिया मुठीत धरून बसले. उतरल्यावर बाई माझ्या पुढे चालू लागल्या, मी त्यांच्या मागे, आणि दोघी एकाच अंगणात शिरलो. त्या सरू मावशी निघाल्या, देवळामागच्या मुलांचा स्वयंपाक करणाऱ्या.

"सलाम, सोनू!" म्हणत, आमच्या ख्रिस्ती रीतीप्रमाणे, आत्याने हात पुढे केला आणि माझा चिकट हात तसाच मिटलेला. मी लाजून लाल झाले. तेवढ्यात मागून एक बाई आली, साधारण माझ्याच वयाची, सहा-सात महिन्यांची पोटुशी.

"काय हाय मुठीत? बिया? टाकू नका ओ ताई, पोरांना लागत्यात," असे म्हणून तिने माझी मूठ उघडून बिया पदरात घेतल्या. ही मंदा. मुलांना बिया कशाला लागतात, हे विचारायचे मला सुचले नाही.

संध्याकाळी येसराची आमटी आणि बाजरीची भाकरी. येसर म्हणजे धान्ये आणि मसाला भाजून केलेले पीठ. ते उकळत्या पाण्यात पडले की घरभर वास सुटतो. आमच्याकडे पुण्यात आमटी भाताबरोबर असते. इथे ती ताट भरून घेतात आणि भाकरी तिच्यात कुस्करून बुडवतात. पहिला घास तिखटाने कानापर्यंत पोहोचला. मी दुसरी वाटी मागितली. मी सहसा काही मागत नाही.

शुक्रवार

सकाळी काकांनी देऊळ दाखवले. पत्र्याचे छप्पर, शहाबादी फरशी, पश्चिमेला मोठे दार. पश्चिमेचे वारे सुटले की सगळी धूळ सरळ वेदीपर्यंत जाते.

"दार असं का केलं?" मी विचारले.

काका हसले. "आमच्या एकमतानं झालं. गवंडी पूर्वेला म्हणत होता. आम्ही सोळा शहाणी माणसं बसलो, दोन तास चर्चा केली आणि रस्ता जवळ पडतो म्हणून पश्चिमेला ठरवलं. प्रार्थना बैठक संपल्यावर केली."

तेव्हापासून या मंडळीने एक रीत पाडली. तिला ते 'गप बसणं' म्हणतात. ज्याच्यापुढे मोठा प्रश्न असेल त्याने रविवारी उभे राहून तो एकदाच बोलून दाखवायचा. मग सगळ्यांनी गप्प बसून देवाकडे लक्ष लावायचे. उत्तर कोणी द्यायचे नाही. पुढचा एक दिवस त्या माणसाला सल्लाही द्यायचा नाही.

"एक दिवस?" मला खरेच वाटेना.

"पहिल्या वर्षी लोकांची पोटं दुखायची," काका म्हणाले.

माझ्यासाठी ही रीत अर्धी स्वर्ग होती आणि अर्धी नरक. गप्प बसणे आले असते. उभे राहणे आले नसते.

दुपारी मुले आली. सोमवारी आईबाप ट्रकमध्ये बसले की ही पंधराएक मुले इथेच राहणार होती. आत्याने मला खडू दिला. मी फळ्यावर गुणाकार लिहिला. सगळी हात बांधून, पुण्याच्या ताईकडे बघत, अगदी शहाण्यासारखी बसली. कोणी हलले नाही आणि कोणाला काही समजलेही नाही. मला ते चेहरे ओळखीचे वाटले; वर्गात मी असाच चेहरा करून बसायचे.

थोड्या वेळाने मंदा आत आली आणि तिने पदरातल्या बिया फरशीवर ओतल्या. "चला रं, सहा बियांच्या चार मोळ्या बांधा. कोन पहिलं?" क्षणात फरशीवर नुसता गलका. एकजण ओरडला, "वहिनी, ह्यानं माझी मोळी चोरली!" मंदा म्हणाली, "मग तुझी किती ऱ्हायली ते सांग, चोराचं मी बघते." तो मोजायला बसला. मी बाजूला खडू धरून उभी. मंदा बारावी झालेली होती, हे मला आत्याने रात्री जेवताना सहज सांगितले. नवरा तोडीला जाणार होता. तिला या वेळी जाता येणार नव्हते. तिला शिकवायला का सांगत नाही, असे मी मनातल्या मनात विचारले. तोंडाने विचारले नाही.

त्या संध्याकाळी मी एक खुळेपणा केला. रविवारच्या शाळेत शिकलेली एक गोष्ट मला आठवत होती. देवाने एका माणसाला मोठ्या कामाला बोलावले. त्याने खात्री करून घ्यायला खळ्यावर लोकर पसरली. सकाळी लोकर ओली आणि जमीन कोरडी असेल तर देवाचा होकार. माझ्याकडे लोकरीची जांभळी शाल होती. अंधार पडता पडता मी ती अंगणाच्या कोपऱ्यात पसरली. मनात अट घातली: शाल ओली आणि जमीन कोरडी, तर शिरूर. शाल कोरडी आणि जमीन ओली, तर बंगळूरू. मग पांघरुणात शिरले, पण आनंदाने झोप येईना. उद्या सकाळी देव माझ्याशी बोलणार होता, तेही नेमक्या माझ्या प्रश्नावर.

शनिवार

उजाडायच्या आत धावत अंगणात गेले. शाल चिंब ओली होती! मी जवळजवळ ओरडलेच. मग जमिनीला हात लावला. जमीनही चिंब ओली. माझ्या अटीत हा रकाना नव्हता. मग वास आला. शेणाचा.

"अगं बाई, ही तुझी शाल होय!" आत्या रिकामी बादली घेऊन उभी होती. "सडा टाकताना अंधारात दिसलीच नाही गं. मला वाटलं, पोत्याचा तुकडा आहे."

जांभळ्या शालीवर हिरवट ठिपके. मी ती उचलून मुकाट्याने मोरीकडे निघाले. वाटेत सरू मावशी भाकरीसाठी चूल पेटवत होत्या. त्यांनी शालीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि फुंकणी खाली ठेवली.

"लोकर मांडलीतीस काय गं?"

मी शाल पाठीमागे घेतली. पण कान तापले असावेत, कारण मावशी पोट धरून हसू लागल्या.

"लाजू नको. आमच्यात लई जनांनी मांडली. माझ्या मालकानं घोंगडी मांडलती."

"मग?"

"मग काय! कुत्रं येऊन झोपलं तिच्यावर. कुत्र्याखाली कोरडी, बाकीची ओली. मालक म्हनले, आता ह्याचा अर्थ काय लावू?"

मलाही हसू फुटले. शाल बादलीत पडली. मावशींनी मला चुलीजवळ बसवून घेतले.

"एक सांगू का? तो गहू झोडनारा माणूस," त्या म्हणाल्या. त्यांना खरोखरच नावे लक्षात राहत नाहीत. शास्त्रातली सगळी माणसे त्यांना कामांनीच ठाऊक आहेत, मासे धरणारा, तंबू शिवणारा, गहू झोडणारा. "त्याला देवानं लोकरीच्या आधीच सांगितलं होतं, जा म्हनून. त्याला ऐकू आलंतं चांगलं. भ्यालता, म्हनून लोकर मांडली. देवानं समजून घेतलं, ती गोष्ट येगळी. पन लोकर विचारायची न्हवती त्याची, भ्यायची होती."

चुलीत काटकी सरकवत त्यांनी विचारले, "तुला आधी काय सांगितलंय?"

कोणता प्रश्न आहे, कुठे जायचे आहे, हे त्यांनी विचारलेच नाही. मी शाल धुवायला गेले आणि मोरीवर बसून राहिले.

आधी काय सांगितले होते? मला पक्के माहीत होते. वर्षभर मी रोज एकच प्रार्थना करत होते: मला माझ्या खोलीतून बाहेर काढ. लोकांसमोर मला तोंड दे. बंगळूरूचे पत्र आले त्या दिवशी मी एकटी स्वयंपाकघरात होते आणि आईला सांगायच्या आधी गुडघे टेकून मी देवाचे आभार मानले होते, मोठ्याने, हसत. तेव्हा मनात एकही शंका नव्हती. शंका संध्याकाळी आली. अनोळखी खोली, अनोळखी भाषा, दर सोमवारी बैठकीत उभे राहून बोलणे. मग आत्याचा फोन आला आणि शिरूर एकदम फार पवित्र दिसू लागले. आत्याचे घर, आत्याचे अंगण, आणि माझ्या वाट्याचे बोलायला आत्या.

आणि तक्ता? पहिल्यांदा तक्त्यात बंगळूरू पुढे होते. मग मी 'सेवा' या मुद्द्याचे वजन वाढवले. पुन्हा वाढवले. शिरूर चार गुणांनी पुढे जाईपर्यंत वाढवत राहिले. सल्ला सगळ्यांचा घेतला, आकडेमोडही केली, आणि शेवटी शहाणपणाच्या नावाखाली भीतीचीच बेरीज केली. ते कळले तेव्हा रडू यायला हवे होते. मला मात्र धावत सुटावेसे वाटले, इतके हलके वाटले.

रविवार

निरोपाची उपासना. या दिवसाचे वर्णन मला नीट करता येईल की नाही, कोण जाणे.

वेदीपुढे पोते अंथरले होते आणि त्यावर ऊसतोडीचे कोयते मांडले होते. धार लावलेले, मुठींना नवी चिंधी गुंडाळलेले, वीसेक तरी असतील. प्रार्थना झाली की ज्याने त्याने आपला उचलायचा. पुण्याच्या आमच्या देवळात वेदीपुढे फुले असतात. इथे पाती चमकत होती आणि ढोलकी अशी वाजत होती की पत्र्याला कंप सुटला होता.

गाणी थांबली. काका म्हणाले, "आता गप बसू. कुणाला काही बोलून ठेवायचं आहे?"

कोणी उठले नाही. पश्चिमेच्या दारातून धूळ आत आली. आत्याच्या खांद्याचा आधार घेऊन मी उभी राहिले. चाळीस डोकी वळली.

"मला बंगळूरूला नोकरी मिळाली आहे," मी म्हणाले. आवाज फुटला नाही म्हणून पुन्हा म्हणाले. "उद्या दुपारपर्यंत उत्तर द्यायचं आहे. देवाने मला जा म्हणून सांगितलं, असं मला वाटतं. पण मला माणसांची भीती वाटते. म्हणून मी इथे राहायचं ठरवत होते. मुलांसाठी नाही. लपण्यासाठी."

बसले. शेजारून आत्याने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आले. तिला हे सगळ्यांबरोबरच कळत होते. रीत म्हणून तिला बोलता येत नव्हते, एवढेच माझे नशीब.

शांतता. एखादे मूल खोकले. मी वाट पाहिली. आवाज आला नाही, दृष्टान्त झाला नाही. फक्त स्वयंपाकघरातला तो आनंद जिथे ठेवला होता तिथेच होता, तसाच, जरासुद्धा न बदलता. मी तीन आठवडे त्याच्यावर सल्ले आणि आकडे रचत होते आणि तो खाली वाट बघत बसला होता.

मग आणखी कोणीतरी उभे राहिले. मंदा.

"मला बी बोलायचंय," ती खाली बघत म्हणाली. "पोरांना मी शिकवलं तर चालंल का? मला दिवाळीच्या आधीपास्नं वाटतंय. पन पुण्याची शिकलेली ताई येनार म्हनले, मग मी कशाला बोलू?"

काकांनी तोंड उघडले, रीत आठवली, मिटले. मी त्यांचा चेहरा पाहत होते. पश्चिमेच्या दाराची गोष्ट सांगताना होता तसाच झाला होता. यंदाही सगळ्यांनी मिळून शहाणा निर्णय घेतला होता, शिकलेली पाहुणी बोलावण्याचा. जिला आतून हाक आली होती ती खोलीच्या दारात पदरात बिया घेऊन उभी होती आणि तिला कोणी विचारलेच नव्हते. मीसुद्धा नाही.

काही वेळाने काका प्रार्थनेला उठले. तेवढ्यात सरू मावशी माझ्याकडे वळून मोठ्याने म्हणाल्या, "तुजं हत्यार कुठं हाय?"

"काय?"

"तू बी कामालाच चाललीस न्हवं? हत्यार आन की!"

मी घरात धावले आणि लॅपटॉप घेऊन आले. एका माणसाने आपला कोयता जरासा सरकवला आणि मी तो मध्ये ठेवला. हसू पसरले, पण चिडवण्याचे नव्हते. मावशींनी मंदाच्या पदरातून मूठभर बिया काढून पोत्याच्या टोकाला ओतल्या. काकांनी सगळ्यांवर मिळून एकच प्रार्थना केली. कोयत्यांना, लॅपटॉपला आणि सीताफळाच्या बियांना वेगवेगळे शब्द नव्हते.

बाहेर आल्यावर आत्याने मला धरले. "माझ्या घरात येऊन माझीच आमटी खाऊन मलाच नाही सांगितलंस! उद्यापर्यंत मला बोलता येत नाही, नाहीतर सांगितलं असतं." आणि मिठी मारली.

सोमवार

सकाळी आवारात ट्रक लागला. भांडी, गाद्या, कोंबड्यांची टोपली आणि माणसे, सगळे एकावर एक चढत होते. साडेनऊला, तिथल्या कडुलिंबाखाली उभे राहून, मी कंपनीला होकार पाठवला. फोनवर एकच रेघ होती. उत्तर गेले की नाही हे कळेपर्यंत मी फोन डोक्यावर उंच धरला होता. गेले.

मंदाच्या नवऱ्याने ट्रकवरून विचारले, "ताई, बंगळूरू म्हंजी कर्नाटकच ना? आमी बी कर्नाटकातच चाललोय, बेळगावकडं!"

"मग तिथली भाषा येते तुम्हाला?"

"मंदीला इचारा. पाच हंगाम गेलीय ती."

मंदाच्या कडेवर कोणाचे तरी लहान मूल होते आणि मागे चारपाच मुले तिच्या पदराला धरून, ट्रककडे बघत उभी. आईबाप निघाले होते आणि मुले रडायच्या बेतात होती; ती त्यांना एका हाताने बिया वाटत होती.

"लई येत न्हाई ओ. तीन शब्द येतात," ती म्हणाली. "नीरु म्हंजी पानी. ऊटा म्हंजी जेवन. आन् बेडा म्हंजी नको. त्येवढ्यात हंगाम निघतो."

मी तीनही शब्द म्हणून पाहिले. तिने 'नीरु' तीनदा घोटून घेतला.

"तुला भीती वाटली नाही का? पहिल्यांदा गेलीस तेव्हा?" मी विचारले. हा प्रश्न मी तोंडाने विचारला.

"वाटली की. तुमी काल उभ्या ऱ्हायला तशीच." ट्रक सुरू झाला, मुलांनी एकदम आवाज काढला आणि ती त्यांच्याकडे वळली. वळता वळता म्हणाली, "पहिल्या दिशी लाज वाटती, ताई. दुसऱ्या दिशी तहान लागती."

हे मी पुण्यात बसून लिहिते आहे. मुलांना आता मंदाच शिकवते, असे आत्याने फोनवर सांगितले. शालीवरचे ठिपके तीन धुण्यांनंतरही गेलेले नाहीत; ती तशीच बॅगेत भरली आहे. परवा निघायचे. घसा आत्तापासूनच कोरडा पडतो आहे. नीरु, नीरु, नीरु.